माणसे पाच

जहाजावर नेायच्या जुन्या पेटीत, झाकणाच्या अस्तराखाली
रेशनकार्ड सापडलं. पिवळं, घडीघडीला फाटलेलं.
जैतापूर. सन त्रेचाळीस.
कुटुंबप्रमुख हलीमा इब्राहिम सोलकर. माणसे पाच.
तांदूळ, नाचणी, वरी, घासलेट.
साखरेच्या रकान्यात नुसती रेघ.

मी चौतीस वर्षं बोटीवर भंडारी.
पाहुण्यांचं उरलेलं रात्री दोनला दळून समुद्रात सोडायचो,
मागून पांढरे पक्षी यायचे.
कुणाचा वाटा किती, हे मला कधी कुणी विचारलं नाही.
म्हणून म्हटलं, आठवडाभर या कार्डावर जेवून बघू.
आम्हीही पाचच. इम्तियाज बोटीवर आहे, तो धरून.

सुनेनं काटा पुढे केला. काट्याला शेर माहीत नाही.
नातवानं फोनवर शोधलं, दोन उत्तरं आली.
मुंबईचा शेर वेगळा, बंगालचा वेगळा.
मी म्हटलं, भूक जिथली, शेर तिथला.

पहिल्या दिवशी मजा.
नाचण्याची रोटी, कुळथाचं कळण,
निखाऱ्यावर एक खारा बांगडा, त्याचे पाच तुकडे.
तांडेलबाई वासानं दारात आल्या, म्हणाल्या,
हेच रिसॉर्टवर सातशे रुपयांना देतात हो.

दुसऱ्या दिवशी नारळावर अडलो.
परसात बारा माड, कार्डात नारळ नाही.
मग आठवलं, अब्बा म्हणायचे,
माड दारात, नारळ बाजारात.
तिसऱ्या दिवशी मातीत घोळून ठेवलेल्या आठळ्या, उकडून.
नातू म्हणाला, चॉकलेट कुठल्या रकान्यात येतं?

चौथ्या दिवशी कुणी फार बोललं नाही.
भात वाढताना डाव कुणाच्या ताटावर किती थांबतो
ते सगळे बघत होते.
मीही. सत्तरीचा माणूस, नातवाच्या ताटाकडे.

माझी साखर उतरली. डॉक्टर खूश.

भेरल्या माडाचं पीठ तेवढं केलं नाही.
त्यासाठी अख्खं झाड पाडावं लागतं,
आणि तो शब्द निघाला की अब्बा उठून खळ्यात जायचे.

पाचव्या दिवशी मेहजबीन कार्ड घेऊन बसली.
हलीमा, तिची सासू, दाऊद, जुलेखा.
पाचवं नाव इब्राहिम, पुढे लिहिलेलं: बोटीवर.
त्याच अस्तराखाली कंपनीचं इंग्रजी पत्र होतं, मार्चचं.
मागे कुणीतरी शाईनं मराठी करून दिलेलं:
बोट बुडाली. कोणी वाचले नाही.

मी कार्ड शेजारी ठेवलं.
एप्रिल, माणसे पाच. मे, माणसे पाच.
असं डिसेंबरपर्यंत.
'वाचले'मधला च आणि 'पाच'मधला च,
शेपटी तशीच लांब, तशीच डावीकडे वळलेली.

खडपे दुकानदार. गावात इंग्रजी येणारा तो एकटा.
ओट्याखाली उभं राहून ज्यानं पत्र वाचून दाखवलं
त्यानंच पुढच्या शनिवारी तराजू धरला
आणि नसलेल्या माणसाचे तांदूळ जोखले.
सापडता तर तुरुंग होता.
आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. पणतू रिचार्ज मारतो.
त्याला सांगावं का, ते अजून ठरलं नाही.

शेवटच्या रात्री चार ताटं मांडली.
पाचवा वाटा मेहजबीननं टोपाखाली झाकला.
रशिदा काही बोलली नाही, फक्त
इम्तियाजचा मेसेज आला का, एवढं विचारलं.

मध्यरात्री पाण्याला उठलो
तर ओट्याशी नातू, काळोखात,
गाल फुगलेला, हात पाठीमागे.
मी दिवा लावला नाही.
खा, म्हटलं. जोखलेलंच आहे.